चांद्याचा खुबा

“किती दिवस झाले?” कुत्र्याची मांडी चाचपत डॉक्टर हुमेराने विचारलं.

“परवाच,” बायजा म्हणाली. “वानरांच्या मागं धावला नि बांधावरून पडला.”

“दोन दिवसांत मांडी एवढी सुकली? आणि हे वळ कसले? कुणी काही बांधलं होतं?”

“नाय बाय. कुणीच नाय.”

महाडच्या त्या जनावरांच्या दवाखान्यात मागच्या बाकावर नाथू बसला होता, मांडीवर आजारी करडू घेऊन. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये गुराचं हाड सरकलं की बायजालाच बोलावणं जायचं. नाथूच्या बैलाचा पाय तिनेच बसवला होता. त्याच्यासमोर खरं सांगायचं म्हणजे आपल्या हाताने नाक कापून घ्यायचं.

खरं असं होतं की चांद्या पडून एकवीस दिवस झाले होते. बायजाने त्याचा निखळलेला खुबा तीनदा ओढून बसवला आणि तीनदा बांबूच्या कामट्या लावून पाय ताठ, सरळ बांधला. तीनदा तो निसटला. शेवटी बायजाचा हात जवळ आला की कुत्रा गुरगुरायला लागला, तेव्हा कुठे तिने महाडची वाट धरली. आपण वाढवलेल्या कुत्र्याने आपल्यालाच दात दाखवावेत, याहून वाईट ते काय!

हुमेराने एक्स-रे काढला. “गोळा वाटीतून बाहेर आलाय. पण दोनच दिवस झालेत ना, मग भूल देऊन बसवते आणि पाय मुडपून बांधते.”

“मुडपून?” बायजाच्या तोंडून निघून गेलं.

“हो. सरळ बांधला तर खुबा पुन्हा निसटतो.”

चांद्याला आत नेलं आणि दार बंद झालं. बायजा बसली, उठली. नळावर हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. हायवेपर्यंत जाऊन उगाच गाड्या बघून आली.

“बस गो जरा,” नाथू म्हणाला. “तुझ्या हाताला एवढा गुण, नि तू घाबरतेस?”

ते तिला झोंबलं. आत ती डॉक्टर पोर न बसणारं हाड चौथ्यांदा ओढणार होती. कशासाठी? बायजाच्या हाताला गुण आहे, असं या नाथूने म्हणत राहावं म्हणून?

तिने दार ढकललं.

“थांब बाय! एकवीस दिस झाले. मीच ओढलाय, तीनदा. कामट्या मीच बांधल्या. सरळ!” आवाज इतका चढला होता की नाथूला सगळं ऐकू गेलं.

हुमेराने धरलेला पाय सोडला. भूल चढलेला चांद्या जीभ बाहेर काढून पडला होता. “मग ओढून उपयोग नाही, मावशी. वाटी भरून आली असणार. हाडाचा गोळाच कापून काढावा लागेल. त्या जागी मांस धरतं. चालेल तो, पण थोडा लंगडेल.”

“काप,” बायजा म्हणाली आणि बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडली.

“मग माझ्या बैलाचा पाय कसा बसला?” नाथूने मागून विचारलं.

“नशिबानं.”

दोन तासांनी हुमेराने तिला आत बोलावलं. “दोन दिवसांनी याचा पाय रोज हळूहळू मागे-पुढे हलवायचा, नाहीतर आखडेल. जमेल?”

बायजाने हात पुढे केला आणि मागे घेतला. हाडं बसवायच्या चाळीस वर्षांत तिला कुणी काही शिकवलं नव्हतं आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

“दाखव गो, कसं ते.”

हुमेराने तिचा हात धरून चांद्याच्या दुसऱ्या, धड पायावर ठेवला. “इतकाच जोर. याहून जास्त नाही.”

बायजाने हात त्याहूनही हलका केला.