माझा कप्पा कोणता?

मित्रांनो, मी एक जुना भरल आहे. खराखुरा नव्हे, कडक रबराचा, तुमच्या तळहातावर उभा राहील एवढा. खरे भरल हिमालयात उंच, उघड्या कड्यांवर चरतात. रंग निळसर राखाडी, कुशीवर काळा पट्टा, शिंगं बाजूला पसरून मागे वळलेली. जरा खुट्ट झालं की उडी मारायला तयार. माझा साचा करणाऱ्या कारागिराने नेमका तोच क्षण धरला. उजवा पाय उचललेला, मान वळलेली. थोडक्यात, गेली चाळीस वर्षं मी निघण्याच्या बेतात आहे आणि माझं निघणं काही होत नाही.

कारखान्यात माझ्या अंगावरची साच्याची शिवण खरवडली आणि मला रंगवणाऱ्या बाईंपुढे ठेवलं. बाईंचा हात चांगला होता, पण तोंड त्याहून चांगलं होतं. शेजारणीला मुलीच्या परीक्षेची हकीकत सांगता सांगता त्यांनी माझा पट्टा ओढला. मुलगी गणितात अडली तिथे माझा पट्टाही अडखळला. डाव्या कुशीवर तो अजून तसाच आहे. पोटावर फक्त नाव उमटवलं, ‘भरल’. मेंढी की शेळी, हे लिहायला नखभर जागा शिल्लक होती. ती रिकामीच राहिली आणि माझ्या आयुष्यातली सगळी धावपळ त्या नखभर जागेतून निघाली.

मला विकत घेतलं ते एका ट्रकचालकाने. लांबच्या फेरीवरून घरी येताना तो दोन प्राणी आणायचा. रानबकऱ्यांच्या जातीतला एक थोरल्या मुलीसाठी, रानमेंढ्यांच्या जातीतला एक धाकट्या मुलासाठी. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, म्हणजे भांडण नको, असा त्याचा साधा हिशेब. त्या वेळी मात्र दुकानात मी एकटाच उरलो होतो.

“हा कुणाचा, बाबा?” दोघांनी एकदम विचारलं.

बाबांनी मला उलटं करून पोट पाहिलं. “इथे तर काही लिहिलेलं नाही. तुमचं तुम्ही ठरवा,” असं म्हणून ते हातपाय धुवायला गेले.

पुढच्या फेरीवरून ते परत आले नाहीत. त्यामुळे विचारायला कुणी उरलं नाही आणि ठरवायचं काम तेवढं राहिलं.

काचेच्या कपाटात दोन कप्पे होते. वरचा ताईच्या बकऱ्यांचा, खालचा धाकट्याच्या मेंढ्यांचा. माझा कप्पा कोणता, हे रोज बदलायचं.

“दाढी कुठाय? दाखव दाढी!” धाकटा मला खाली ओढायचा. “दाढी नाही, म्हणजे मेंढी!”

“दाढी बाबांना तरी कुठे होती?”

“मग बाबा काय बकरी होते?”

“शेपटी बघ, गाढवा! खालून उघडी आहे. शेळीचीच असते तशी.” ताई मला वर ठेवायची.

या ओढाताणीत माझ्या कानाचं टोक गेलं. पण कानापेक्षा जास्त बोचायचे शेजारी. वरच्या कप्प्यातला मारखोर हा रानबकरा, पीळदार शिंगांचा आणि पीळदार स्वभावाचा, मला पाहिलं की म्हणायचा, “आलं मेंढरू.” खाली पोचलो की जड शिंगांचा अरगली मेंढा भिंतीकडे तोंड करून पुटपुटायचा, “बोकड आला, सरका.” कुणाशी ओळख वाढवावी तर संध्याकाळपर्यंत मुक्काम हलणार. सगळ्यांच्या पायांखाली धुळीत त्यांच्या खुरांचे ठसे होते. माझा ठसा कुठेच उमटला नाही, कारण धूळ बसेपर्यंत मी थांबलोच नाही. मला वाटायचं, वर तर वर, खाली तर खाली, पण एकदाचं काय ते ठरवा!

मुलं मोठी झाली. ताई दातांच्या कवळ्या बनवायला शिकली आणि घराच्या पुढच्या खोलीत तिने आपलं काम थाटलं. धाकट्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला चष्म्याचं दुकान काढलं, लग्न केलं, बिऱ्हाड तिकडे नेलं. जाताना त्याने आपल्या मेंढ्या काचा पुसायच्या मऊ फडक्यांत गुंडाळून नेल्या. ताईने बकऱ्या ठेवल्या. मी टेबलावर मध्यभागी उभा होतो, पाय उचलून, अर्थातच.

“नियम करू,” ताई म्हणाली. “ज्याला नवा पुरावा सापडेल, त्याने दुसऱ्याच्या घरी यायचं, सांगायचं आणि याला घेऊन जायचं.”

“पुरावा नवा हवा हं. शेपटी परत चालणार नाही.”

“आणि तुझी दाढीही.”

तेव्हापासून मी चष्म्याच्या डबीतून प्रवास करू लागलो. शिंगांमुळे डबी पुरती मिटत नाही, त्या फटीतून जग दिसतं. तिकडे चौतीस वेळा गेलो, इकडे चौतीस वेळा परत आलो. मधल्या काळात माणसं पाहण्याचा मला नादच लागला. या दोघांचं एक पाहिलं. एकमेकांची आठवण येते, असं सांगायला दोघांची जीभ वळत नसे. सणासुदीला फोन नाही, आजारपणात चौकशी नाही. कळवायचं ते बायकोने, शेजारणीने. पण पुरावा म्हटला की धाकटा भर उन्हात दोन बस बदलून यायचा.

“चप्पल बाहेर काढ, आत प्लास्टर सांडलंय.”

“ताई, पुरावा आणलाय.”

“आधी चहा.”

“चहा पाजून पुरावा विसरायला लावतेस तू.”

“तुझे पुरावे विसरण्यासारखेच असतात. बोल.”

“बकऱ्यांच्या गुडघ्यांना घट्टे असतात. भरलाच्या नसतात. मेंढी!”

ताई भिंगातून माझे गुडघे तपासायची. मग त्याच भिंगातून त्याच्याकडे बघून म्हणायची, “बारीक झालास. घरी जेवायला घालत नाहीत का?” तो पुराव्याचा भाग नव्हता. पण त्यासाठीच तर पुरावा असायचा, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा मी दुकानाच्या काउंटरवर होतो. जवळचं वाचायचा चष्मा घ्यायला एक जनावरांचे डॉक्टर आले. मला पाहताच म्हणाले, “अरे वा, भरल! दिसतो मेंढीसारखा, पण नातं शेळीशी जवळचं. रक्ताच्या तपासण्या झाल्यात, तो वाद मिटला आता.”

मित्रांनो, ऐकलंत? मिटला! माझा कप्पा वरचा! मारखोराशेजारी धूळ साचवत मी सुखाने उभा राहणार!

धाकट्याने पटकन मला डबीत कोंबलं. “डॉक्टर, ही फ्रेम बघा, तुम्हाला शोभेल,” तो म्हणाला. त्या दिवशी घरी कुणाला तो काही बोलला नाही. नंतर ताई आली, “पुढच्या पायांवर काळे पट्टे असतात, ते शेळीचे” असा पुरावा घेऊन. तो पंधरा वर्षांपूर्वी होऊन गेलेला पुरावा होता, मला पक्कं आठवत होतं. तरी धाकट्याने मान डोलावली आणि मला देऊन टाकलं. लबाड! हरायची भीती वाटते म्हणून खरं लपवतोय, अशी मी मनात त्याची खरडपट्टी काढली.

ताईच्या खोलीत आता काम कमी होतं. तिचा हात थरथरायला लागला होता आणि दात बसवताना थरथर चालत नाही. टेबलावर जबड्यांचे जुने साचे रांगेत पडलेले. एका दुपारी तिने कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा साचा उचलला आणि त्याखालचा घडी घातलेला कागद काढून स्वतःशीच वाचला. एका मोठ्या प्राणिसंग्रहालयाचं पत्र होतं. ‘आपल्या प्रश्नाबाबत कळवतो की भरल हा शेळ्यांच्या अधिक जवळचा आहे.’ तारीख तीन वर्षांपूर्वीची.

तीन वर्षं! म्हणजे ती कधीच जिंकली होती. आणि त्यानंतर पाच वेळा तिने मला धाकट्याच्या हाती मुकाट्याने सोपवलं होतं, त्यात एकदा तर “मेंढीसारखा गरीब दिसतो” एवढ्या पुराव्यावर!

“जिंकले तर जिंकले,” ती माझ्या अडखळलेल्या पट्ट्यावर बोट फिरवत म्हणाली. “मग तो कशाला येईल?”

 त्यानंतर मला चैन पडेना. एक चांगलासा कप्पा हवा म्हणून मी चाळीस वर्षं तळमळलो. तो कप्पा त्या कागदात होता. आणि तो कागद उघड व्हावा की नाही, हे मला ठरवता येईना.

पुढच्या महिन्यात धाकटा आला. ताई चहा ठेवायला आत गेली आणि त्याने कप ठेवायला जागा करावी म्हणून टेबलावरचा साचा सरकवला. कागद उघडा पडला. त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. वाचलं. तारीख वाचली. एकदा माझ्याकडे पाहिलं, जणू मीच लिहिलं होतं.

ताई दोन कप घेऊन दारात उभी राहिली. तिला दिसलं. कपांतला चहा बशीत सांडला.

धाकट्याने तिच्या हातातला एक कप घेतला आणि त्या पत्रावर, बरोबर शिक्क्यावर ठेवला.

“ताई, कपाखाली कागद घेतला. चालेल ना?”

ताईने दुसरा कप टेबलावर ठेवला. “चालेल,” ती म्हणाली. “जुना आहे तो.”

“बरं, पुरावा ऐक. दाढी.”

“दाढी झाली आहे आपली! लहानपणीच!”

“तेव्हा नीट ऐकलं नव्हतंस. परत ऐक.”

तिने खुर्ची जवळ ओढली. भांडण पाऊण तास चाललं आणि दोघांचा चहा गार झाला. कप उचलला तेव्हा शिक्क्यावर गोल तपकिरी डाग पडला होता आणि शेजारचा ‘शेळ्यांच्या’ हा शब्द फुगून वाचता येईनासा झाला होता.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात माझ्यासारखे प्राणी असतील. त्यांची धूळ पुसा, त्यांचे कान जपा. शिंगांना धरून उचलू नका, दुखतं. पण एखाद्याच्या पोटावर रिकामी जागा दिसली, तर पेन घेऊन धावू नका. आधी बघा, त्या जागेवर कोण कोण येऊन बसतंय.

हे मी चष्म्याच्या डबीतून सांगतो आहे. बस हलते आहे, फटीतून रस्ता दिसतो आहे. पस्तिसावी खेप. बुधवारी ताई येणार आहे, शेपटी घेऊन. उजवा पाय मी उचललेलाच ठेवला आहे.