बारा पावलांचं रीळ

टेपताईंना बारापर्यंत मोजता येत नाही, हे टीव्ही केंद्रातल्या दरवानापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. एकट्या टेपताईंनाच ते चाळीस वर्षांत पटलं नव्हतं.

गोष्ट त्यांच्या बाविसाव्या वर्षाची. तेव्हा त्या ध्वनी विभागात नव्याने लागल्या होत्या आणि केंद्रावर 'भिंतीची आठवण' नावाची एक भुताची गोष्ट तयार होत होती. तिच्यात एक शास्त्रज्ञ आपली यंत्रं घेऊन एका बंद खोलीत मुक्काम ठोकतो. भिंतीला नुसते कान नसतात, तिला आठवणही असते, ऐकलेलं ती साठवते आणि कधीतरी परत बोलून दाखवते, असं त्याचं म्हणणं. शेवटी यंत्राचा काटा हलतो आणि रिकाम्या खोलीत पावलं वाजतात. दारापासून खिडकीपर्यंत, मोजून बारा.

ती बारा पावलं टेपताईंची. चामडी बूट घालून, लाकडी फळ्यांवरून त्या चालल्या आणि आवाज टेपवर घेतला. पण कार्यक्रम लागला तेव्हा घराघरांत ऐकू आली तेरा. पहिल्याच्या आधी एक अगदी दबकं पाऊल वाजलं, चालायच्या आधी कुणी जमीन चाचपून पाहावी तसं. प्रेक्षकांची पाचावर धारण बसली. ते तेरावं पाऊल कुणाचं, असं विचारणारी पत्रं पोत्याने आली.

दिग्दर्शकांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी टेपताईंना बोलावून घेतलं.

"बारा सांगितली होती ना?"

"बाराच टाकली, साहेब."

"मग तेरावं काय भुताने टाकलं?"

महिन्याभरात त्यांची बदली टेपांच्या भांडारात झाली. तिथे त्यांनी तेहतीस वर्षं काढली आणि त्यांचं टेपताई हे नावही तिथेच पडलं. दिग्दर्शक त्या पावलामुळे नावाजले, आणि जिथे बोलायला उभे राहतील तिथे एक विनोद ठरलेला, "आमच्या बाईंनी बाराची तेरा केली. माझे तीनतेरा वाजायचे, पण नशीब पाहा, नाव झालं."

टेपताईंचा राग केव्हाच निवला होता. राहिलं होतं ते कोडं. घरात ओट्यापासून दारापर्यंत जातानाही त्यांची पावलं मनात मोजली जात. आपण खरंच चुकलो होतो का? एवढं एकदा कळावं, मग साहेबांनी खुशाल हसावं.

आणि मग हरवलेली ती गोष्ट अचानक सापडली, भलत्याच नावाच्या खोक्यात. केंद्राने रविवारी दुपारी आपल्या छोट्या सभागृहात ती दाखवायचं ठरवलं. नंतर दिग्दर्शक बोलणार होते, म्हणजे विनोद आलाच. गुरुवारी केंद्रातल्या तंत्रज्ञाचा फोन आला.

"ताई, कार्यक्रमाबरोबर एक छोटं रीळही मिळालंय. खोक्यावर अक्षर तुमचं दिसतंय. 'पावले, बारा' असं लिहिलंय."

"हात लावू नकोस. मी येते," टेपताई म्हणाल्या.

नातीला शाळेची सुट्टी होती, म्हणून तीही बरोबर निघाली. वय वर्षं दहा, आणि तोंडात सतत एक 'का'.

तंत्रज्ञाची खोली म्हणजे जुन्या यंत्रांची अडगळ आणि मध्ये एक नवा संगणक. त्याने हातमोजे घालून रीळ यंत्रावर चढवलं. यंत्राचा आवाज संगणकात जाऊन पडद्यावर रेघेच्या रूपाने उमटत होता. शांतता असली की सपाट रेघ, पाऊल वाजलं की उंचवटा.

टक्-टिक. टक. टक्-टिक. टक.

"आजी, तुझं एक पाऊल लंगडं का वाजतंय?"

"डाव्या टाचेचा खिळा सैल झाला होता. सुरुवात डाव्यानेच केली होती मी."

तिघांनी पडद्यावर बोट ठेवून मोजलं. उंचवटे बारा. टेपताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा मोजलं. बाराच.

"झालं की ताई," तंत्रज्ञ म्हणाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"थांब. पहिल्याच्या आधी ते काय आहे?"

सपाट रेघेवर मुंगीएवढा एक फुगवटा होता. तंत्रज्ञाने तो मोठा केला, आवाज चढवला. दुरून आल्यासारखं ऐकू आलं: टक्-टिक.

मग नात म्हणाली, "भुताच्या बुटाचा पण खिळा सैल आहे."

तंत्रज्ञ फिस्सकन हसला. टेपताई मात्र हसल्या नाहीत. त्या नातीकडे बघत राहिल्या, वर्गात एखाद्या मुलाने नकळत नेमकं उत्तर द्यावं आणि बाईंनी खडू हातातच धरून थांबावं, तशा.

"पुन्हा बोल."

"भुताच्या बुटाचा पण..."

"म्हणजे बूट माझाच. पाऊलही माझंच, तेच पहिलं. फक्त आधी वाजलंय."

"पण पाऊल पडायच्या आधी त्याचा आवाज कसा येईल?"

"तेच तर बघायचंय. पातळ कागद आहे का रे? आणि शिक्क्याची शाई?"

तंत्रज्ञाने दोन्ही आणून दिलं. टेपताईंनी कागदाची लांब पट्टी कापली. पट्टीच्या मध्यावर शाईचा एक जाड ठिपका दिला आणि ओला असतानाच पट्टी पाण्याच्या ग्लासाभोवती घट्ट गुंडाळली. "ही आपली टेप. ठिपका म्हणजे पाऊल. आता शंभर आकडे मोज."

नातीने ऐंशीलाच घाई केली. पट्टी उलगडली तर मधे काळाभोर ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, एकेक फिकट डाग.

"शेजारच्या वेढ्याला लागला!" नात म्हणाली.

"लागला. टेपवरचा आवाज म्हणजेही एक प्रकारची शाईच, पण लोहचुंबकाची. वेढ्यावर वेढा बसला की मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर आपली सावली पाडतो. आता सांग, ठिपका आणि डाग यांत अंतर किती?"

"ग्लासाच्या एका फेरीएवढं."

"मग आपल्या पावलाचं?"

नातीने थोडा वेळ ओठ चावले. "रिळाच्या एका फेरीएवढं असायला पाहिजे."

"पाहिजे म्हणून भागत नाही. मोज."

रिळावरचा पावलांचा भाग जिथे येत होता तिथवर टेप परत गुंडाळून नातीने वरून दोरा फिरवला आणि तो मोजपट्टीवर धरला. साडेसदतीस सेंटिमीटर. यंत्र सेकंदाला अडतीस सेंटिमीटर टेप ओढत होतं. म्हणजे अंतर एका सेकंदाला जरासं कमी निघायला हवं होतं. तंत्रज्ञाने पडद्यावर मोजलं. एका सेकंदाला जरासं कमीच होतं. मग त्याने कार्यक्रमाची प्रत लावून पाहिली. तिथेही तेवढंच.

"पण मग प्रत्येक पावलाची सावली का नाही ऐकू येत?" नातीचं 'का' संपत नव्हतं.

"भुतासारखं सावकाश चालायचं म्हणून मी सेकंदाला एक पाऊल टाकत होते. दुसऱ्याची सावली पहिल्याखाली लपली, तिसऱ्याची दुसऱ्याखाली. पहिल्याच्या सावलीला लपायला जागाच नव्हती, समोर नुसती शांतता. आणि कार्यक्रम जोडताना साहेब म्हणत होते, शांतता ऐकू येऊ दे, आवाज वाढव."

नात पुन्हा शाईच्या पट्टीकडे बघत होती. "आजी, डाग दोन आहेत. एक आधी, एक नंतर. मग बाराव्याच्या नंतर पण एक पाऊल असेल."

तंत्रज्ञाने कार्यक्रमाची प्रत बाराव्या पावलापाशी आणली.

"गोष्टीत बाराव्यावर दार आपटतं," टेपताई हळूच म्हणाल्या. "त्यात बुडालं असणार. रिळावर दार नाही. लाव."

बाराव्या पावलानंतरची सपाट रेघ त्याने वाढवली, आणखी वाढवली, खरखर समुद्रासारखी घोंगावू लागेपर्यंत वाढवली. आणि त्या खरखरीत, श्वासापेक्षाही हलकं, टक. उजवा पाय, खिळा शाबूत असलेला. चाळीस वर्षांत ते पाऊल कुणीही ऐकलं नव्हतं.

"मिळालं," नात कुजबुजली.

"पण हे आधीच्याहून इतकं बारीक का?" तंत्रज्ञाने विचारलं.

याचं उत्तर टेपताईंना पाठ होतं. भांडारात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनी ते घोकून घोकून शिकवलं होतं: टेप वाजली की तशीच शेवटाला ठेवा, उलटी गुंडाळून सुरुवातीला आणू नका. तशीच ठेवली की ठळक सावली आवाजाच्या मागे पडते आणि त्याच्याच शेपटीत लपते. गुंडाळून ठेवली की ठळक सावली पुढे पडते, उघड्यावर.

"खोकं दे बघू इकडे."

आतल्या झाकणावर त्यांच्याच नीटनेटक्या अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं होतं: 'गुंडाळून सुरुवातीला आणली आहे. लगेच लावता येईल.' ध्वनी विभागात कुणी हा नियम सांगितला नव्हता. भांडारात आल्यावर तो त्यांनी पुस्तकातून वाचला होता. कार्यक्रम जोडण्याआधी रीळ तीन आठवडे तापलेल्या यंत्रांच्या कपाटावर पडून होतं, आणि उबेत सावली अधिकच गडद होते.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," टेपताई म्हणाल्या. "तेहतीस वर्षं लोकांना सांगत आले आणि माझ्याच रिळाशी त्याचा संबंध जोडला नाही. मी आपली मोजणीच सिद्ध करत बसले."

तंत्रज्ञाने झाकण हळूच बंद केलं. "ताई, हे कोण वाचणार आहे? पावलं बारा आहेत एवढंच रविवारी सांगा."

"अर्धंच सांगितलं तर ते परत भूतच राहील, बाळा."

रविवारी सभागृह भरलं. दिग्दर्शक आता ऐंशीच्या घरात, कानात यंत्र, पण आवाज तसाच खणखणीत. गोष्ट दाखवून झाली आणि विनोद आला. बाराची तेरा, तीनतेरा, सगळं जागच्या जागी. लोक हसले. मग पहिल्या रांगेतून टेपताई उठल्या.

"साहेब, मोजणी बरोबर होती. गुंडाळणी चुकली होती."

त्यांनी सगळं सांगितलं. शाईची पट्टी नातीने दोन्ही हातांनी उंच धरली. झाकणावरची ओळ टेपताईंनी स्वतः वाचून दाखवली.

दिग्दर्शकांनी हनुवटी खाजवली. "म्हणजे भूत नव्हतंच?"

"तुमचा शास्त्रज्ञ निम्मा बरोबर होता, साहेब. ऐकलेलं साठवून ठेवणारी वस्तू त्या खोलीत होती. फक्त ती भिंत नव्हती, टेप होती."

"आणि मी भिंतीवर अख्खी गोष्ट लिहिली." ते स्वतःशीच हसले. "बाई, त्या दिवशी मी रीळ लावून बघायला हवं होतं. ओरडणं सोपं पडलं."

"अजून एक पाऊल आहे," नात म्हणाली. "ते तुम्ही पण ऐकलेलं नाही."

दिवे मंद केले. तंत्रज्ञाने रीळ सोडलं. पावलं एकेक करून सभागृह ओलांडून गेली, मग खरखर वाढत गेली. माणसं श्वास रोखून पुढे झुकली. रांगांतून एक बारीक शहारा फिरला.

दिग्दर्शकांचा हात कानामागे तसाच होता. त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं, मान हलवली आणि शेजारी बसलेल्या टेपताईंकडे वाकून विचारलं, "आलं का?"

"आलं."

"मला नाही आलं ऐकू." ते मागे टेकले. "किती झाली?"

"बारा खरी, दोन सावल्या. चौदा."

"लिहून घे रे," ते तंत्रज्ञाला म्हणाले. "बाईंनी मोजलीयत. चौदा."