थंड वाढलेला खरवस

मित्रांनो, जगातले थोर सूड तलवारीच्या पात्यावर नव्हे, माझ्या पोटात मुरले आहेत. आज पोटात अर्धं लिंबू, परवाची आमटी आणि कोथिंबिरीची जुडी आहे, तो भाग वेगळा.

मी मुलुंडच्या माणिकताईंचा जुना फ्रिज. आलो तेव्हा माझ्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं आणि सारा मजला बर्फ मागायला आला. पुढे रंग उडाला, पाय गंजले, डोक्यावर कांद्यांची टोपली बसली. पण माझ्या पोटात दूध कधी नासलं नाही.

ताईंचा खरवस माझ्यातच थंड होई. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या रत्नप्रभाबाईंनी तो चारचौघींत चाखला आणि शांतपणे म्हणाल्या, "चायना ग्रास छान जमलंय." म्हणजे चिकाचा नाहीच, नकली! त्या दिवसापासून दोन्ही दारं बंद.

ताई भांडायलाच निघाल्या होत्या. नात इरावतीने अडवलं. इंग्रजीत म्हणे एक म्हण आहे: सूड हा पदार्थ थंड करून वाढावा. म्हणजे राग निवू द्यावा, वेळ बघावी, मग वाढावं. म्हण मुळात फ्रेंचांची की आणखी कोणाची, यावर अजून वाद आहे.

"तेव्हा फ्रिज होते का गं त्यांच्याकडे?" ताईंनी विचारलं.

नव्हते, हे ऐकून मला उगाच मोठं वाटलं.

मे महिन्यात वेळ आली. रत्नप्रभाबाईंच्या लेकीच्या, निधीच्या, होणाऱ्या सासरची माणसं जेवायला यायची होती आणि आदल्याच दिवशी त्यांचा दोन दारांचा नवा फ्रिज बंद पडला. बाई बासुंदीचं पातेलं घेऊन दारात उभ्या. "माणिक, ठेवशील?"

ताईंनी ठेवलं. मग त्यांचा हात माझ्या बटणाकडे गेला. ते बंद केलं की बासुंदी नासणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. एवढ्या वर्षांची अब्रू, मित्रांनो. माझा कॉम्प्रेसर अडखळला.

ताईंनी बटण जास्त थंडच्या बाजूला फिरवलं. मग तबेल्यातून चीक मागवला आणि पातेल्याशेजारी खरवसाचा डबा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही भांडी शेजारी गेली. विहीणबाईंनी बासुंदी बोटभर चाखली, खरवस मात्र पुन्हा पुन्हा मागून घेतला आणि कोणी केला म्हणून विचारलं. ताईंनी आपलं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. मलाही स्वच्छ ऐकू आलं.

"आमच्या माणिकचा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. आणि स्वतःहून पुढे म्हणाल्या, "अस्सल चिकाचा."

शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. संध्याकाळी बाई स्वतः डबा घेऊन आल्या. ताईंनी झाकण काढलं. आत चायना ग्रास.

"नीट चाखून बघ हं," बाई म्हणाल्या. "फरक कळतो का ते सांग."

दोघी इतक्या हसल्या, की डबा कसाबसा माझ्यात सरकवून तशाच गप्पा मारत गॅलरीत गेल्या. अजून तिथेच आहेत.

तेव्हा मित्रांनो, सूड जरूर घ्या, पण सावकाश, थंड करून घ्या. आणि जाता जाता कोणीतरी माझं दार लावा. कोथिंबीर सुकतेय.