यजमान बसत नाही

"कापून शीर ओढून काढायची, की आतून लेसरने बंद करायची? तुम्हीच सांगा, वुकाशिनकाका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

न्हाव्याच्या खुर्चीमागे उभं राहून वुकाशिनचा जन्म गेला होता. डाव्या पायावर सुजलेल्या शिरा वेलासारख्या वर चढल्या होत्या. पण त्याला घोर लागला होता शनिवारचा. शनिवारी स्लावा, घरच्या संताचा सण. त्या दिवशी शेवटचा पाहुणा उठेपर्यंत यजमान बसत नाही. बाप बसला नव्हता, आजा बसला नव्हता.

"वर्षभराने दोन्हींचा गुण जवळपास सारखाच. पण शस्त्रक्रियेत भूल, टाके, पंधरा दिवस दुखणं. लेसरला जागेवरची भूल, त्याच दिवशी चालत घरी."

"मग लेसरच!"

"हवं तेवढं चाला. फक्त एका जागी उभं राहू नका."

झालं! इकडे आड, तिकडे विहीर.

शनिवारी वुकाशिन लेसर केलेल्या पायावर घट्ट मोजा चढवून, टेबलाभोवती फेऱ्या घालत पाहुण्यांच्या पेल्यांत रकिया, फळांची घरगुती दारू, ओतू लागला.

"दाजी, पाहुणे आहोत हो आम्ही, पहारा कसला देताय?" मेहुणा झिव्को ओरडला. "मला गरगरायला लागलं!"

"अजून एक घे. मग मी थांबल्यासारखा दिसेन."

फिरता फिरता तो स्वयंपाकघरात शिरला. स्लावाच्या दिवशी तो तिकडे कधी फिरकत नसे. त्याची बायको स्तामेना एका पायावरून दुसऱ्यावर भार देत मासे तळत होती. तिच्या घोट्याशी जुन्या टाक्यांचे वण होते. तिच्या वेळी लेसर नव्हतं.

"तुझे टाके कधी काढले होते गं?"

"स्लावाच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे सणाला तू..."

"मग मासे काय आपोआप तळले गेले?" ती हसली.

"बोलली का नाहीस?"

"घर भरलं होतं. बोलायला वेळ कुठे होता?"

बाप उभा, आजा उभा, हे वुकाशिन सगळ्यांना ऐकवत आला होता. ही बाई ओल्या जखमेनिशी उभी राहिली आणि कुणाला कळलंसुद्धा नाही.

त्याने तिच्या हातातला झारा घेतला, तिला बाहेर नेऊन संताच्या तसबिरीखालच्या यजमानाच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि पाहुण्याला देतात तसे गोड गहू तिच्यापुढे धरले. स्तामेनाने लाजत चमचाभर गहू तोंडात टाकले.

आत मासा करपायला लागला होता. वुकाशिन लगबगीने चुलीपाशी गेला आणि एका पायावरून दुसऱ्यावर भार देत मासे उलटू लागला.