नोएलीनच्या एकोणीस पत्रिका

माझी बायको नोएलीन गेल्याचं मला तिचे केस कापणाऱ्या बाईने फोनवर सांगितलं. गुरुवार होता. मी शेडमध्ये गाभण मेंढ्यांच्या मागची लोकर कातरत होतो. हात लोकरीने तेलकट झाले होते म्हणून पहिल्यांदा फोन वाजला तो घेतलाच नाही. दुसऱ्यांदा घेतला. ती रडत म्हणाली, “नेव्हिल, ती खुर्चीतून उठताना पडली आणि गेलीच रे.” मी विचारलं, “केस कापून झाले होते का?” असं का विचारलं, मला माहीत नाही.

मंगळवारी तिला पुरलं. शेजारच्या बायांनी इतकं खाणं आणून दिलं की फ्रीजचं दार लागेना.

शुक्रवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा पसारा आवरताना तिच्या पत्रिका सापडल्या. आमच्या मुलीच्या, कर्स्टीच्या, बेबी शॉवरच्या; बाळ यायच्या आधी बाया भेटी घेऊन जमतात, त्याच्या. एकोणीस पाकिटं, पत्ते लिहिलेले, तिकिटं लावलेली, रबर लावून ठेवलेली. प्रत्येक पत्रिकेवर तिने पेन्सिलीने कोकरू काढलं होतं आणि त्याच्या गळ्यात खऱ्या लोकरीचा धागा बांधला होता. करत होती तेव्हा मला विचारलं होतं, “पिवळा बरा की हिरवा?”

“कुठलाही.”

“मेंढीकडे लांबून बघून लोकरीची प्रत सांगतोस, आणि नाकासमोरचा धागा दिसत नाही होय रे?”

मग पिवळा बांधत म्हणाली, “रविवारी कर्स्टीशी बोलते, मग बघू.” हे मी ऐकलं होतं. पण त्या शुक्रवारी मला वाटलं, बाईने सगळं तयार करून ठेवलंय, एवढं शेवटचं काम तरी आपण करावं. गठ्ठा घेऊन फाटकापर्यंत गेलो, आमच्या टपालपेटीत ठेवला आणि पेटीवरचा लाल झेंडा उभा केला. झेंडा आडवा असला की टपालवाला कॉलिन थांबत नाही. त्या दिवशी थांबला. गाडीच्या खिडकीतून मला हात केला आणि पत्रिका घेऊन गेला.

रविवारी कर्स्टी आईचे कपडे आवरायला आली. तिला सातवा महिना आहे. खुर्चीखाली पिवळे धागे पडले होते, ते तिने उचलले.

“डॅड, आईने पत्रिका केल्या?”

“हो.”

“मी तिला नको म्हणाले होते. दोनदा सांगितलं. ती म्हणाली, रविवारी येते, बोलू.” ती खाली बसली. “मागच्या वेळी सगळ्या बाया आल्या, टोपडी, मोजे, दुपटी. पंधरा दिवसांनी बाळ गेलं. मी ते सगळं परत द्यायला घरोघरी गेले. एकीनेही घेतलं नाही. ‘राहू दे गं, पुढच्या वेळी होईल.’ अजून आमच्या कपाटात आहे. ते कपाट मी उघडत नाही. या वेळी बाळ हातात आल्याशिवाय मला घरात एक पुडकं नको.”

“बरं.”

“त्या पत्रिका जाळून टाक. मला दाखवू नकोस.”

“हो,” मी म्हणालो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती आईचा कोट छातीशी धरून बसली होती.

सोमवारी दुपारी पलीकडच्या शेतावरच्या एव्हिसचा फोन आला. “आली रे पत्रिका. तिचं अक्षर बघून मी फाटकातच बसले. चीज रोल माझ्याकडे. मार्जरीला करू देऊ नकोस, ती लोणी असं लावते जसं काही डॉक्टरने मनाई केलीये.”

“एव्हिस—”

“तू फक्त किटली ठेव. बाकी आम्ही बघतो.”

“एव्हिस, कर्स्टीला हे नकोय. तिला ठाऊकच नाही. पत्रिका मी टाकल्या.”

ती म्हणाली, “गाढव आहेस.”

“हो.”

“आम्ही बाया घरी बसू, त्याचं काही नाही. पण विंटनच्या दुकानात कुणीतरी तिला गाठेल, पोटावर हात ठेवेल आणि म्हणेल, ‘शनिवारी शॉवरला भेटू हं.’ त्याच्या आधी तू सांग. फोनवर नाही, जाऊन सांग.”

मी बाकीच्या अठरा जणींना फोन केले. दोन दिवस लागले. कुणी चिडलं नाही. तिघी रडल्या. एकीने आधीच टोपडं विणायला घेतलं होतं, तिने विचारलं, “उसवू का?” मी म्हणालो, “ठेव तुझ्याकडेच.” पत्रिका मात्र कुणी परत द्यायला तयार नव्हतं. नोएलीनच्या हातची शेवटची वस्तू आहे, म्हणाल्या.

बुधवारी विंटनला, तिच्या घरी गेलो. कर्स्टीने चहा केला. तिने डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, सगळं नीट आहे. मी मेंढ्यांचं सांगितलं, कुंपणाचं सांगितलं. तिने विचारलं, “पत्रिका जाळल्यास ना?” मी कप बशीत ठेवला आणि म्हणालो, “तुझी आई गेल्यापासून मला काही सुचत नाही.” तिने माझा हात धरला. तिला वाटलं, हेच उत्तर आहे.

आज गुरुवार. तिला अजून सांगितलेलं नाही.