मी बंद राहिलो ती दुपार

मी कूलर. तुमच्या ओळखीतलाच. नागपुरात ज्या घरी मी नाही, असं घर शोधावंच लागेल. आता म्हातारा झालो, म्हणून सावकाश बोलीन. बसा निवांत.

गांधीबागेच्या मागच्या एका बोळीत माझा जन्म झाला. पत्रा कापणारा कारागीर बुटका आणि रागीट होता, पण हात सरळ चालायचा त्याचा. त्यानं मला चार पाय दिले, पोटात पाण्याची टाकी दिली, तीन बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्या लावल्या आणि वरून निळा रंग फासला. रंग पुरता वाळायच्या आत बळीराम आला. सामानाच्या ऑटोत मला कवळ घालून उभा राहिला आणि तसाच हिंगण्यापर्यंत घेऊन आला. शर्टावर निळा डाग पडला, तो काही निघाला नाही. "कूलर आनला का रंगपंचमी खेळून आले?" असं सिंधूताई, म्हणजे त्याची बायको, त्याला किती वर्षं चिडवत होती.

बळीराम एका कारखान्यात लोखंड वितळवायच्या भट्टीवर होता. दिवसभर आगीपुढं आणि संध्याकाळी माझ्यापुढं. बनियन काढून पाठ माझ्याकडे करून बसायचा. त्या पाठीची धग मला जाळीतून लागायची, म्हणजे बघा.

माणसांची एक रीत मी पाहिली. उन्हाळ्यात घरातली मानाची जागा म्हणजे कूलरपुढची. पाहुणा आला की घरच्यांनी सरकायचं, त्याला मधे बसवायचं, माझं बटन शेवटपर्यंत फिरवायचं. सिंधूताई त्या बाबतीत फार कडक. पाणी नंतर, चहा नंतर, आधी हवा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्यावर शिंतोडे जाऊ नयेत म्हणून मला थोडं तिरपं ठेवत, एवढाच काय तो माझा कोन बदलायचा.

मग ती जागा सरिताची झाली. सरिता ही त्यांची लेक. बी.ए. झाली आणि म्हणाली, मी एम.ए. करते, मानवी हक्क, कायदा आणि राजकारण यात. घरात कोणाला काही उमगलं नाही. शेजारची रंभाबाई विचारून गेली, की हे शिकून पोट्टी पोलिसात लागते का. बळीरामनं कारखान्यात सांगून टाकलं की माझी पोरगी वकील होऊन राहिली. सरितानं दुरुस्त केलं, तर म्हणाला, "तुझं नाव लंबं हाय वं. वकील म्हटलं का लोकायले लवकर समजते."

ती माझ्यापुढं बसून वाचायची. कागद उडायचे, म्हणून त्यांवर वरवंटा ठेवायची. मोठ्यानं वाचायची सवय होती तिला, त्यामुळे मीही थोडंबहुत शिकलो. माणसाचा जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास चालू असणं नव्हे, नीट माणसासारखं जगता आलं पाहिजे, असं ती एकदा आईला समजावत होती. सिंधूताई कणिक मळत ऐकत होती. म्हणाली, हे लिहून ठेवा लागते का? सरिता म्हणाली, लिहून ठेवल्यावरही मिळत नाही, म्हणून तर शिकून राहिली.

दुसऱ्या वर्षी तिला प्रबंध लिहायचा होता. तिनं विषय घेतला ऊन. उन्हात आणि भट्टीवर काम करणाऱ्या माणसांचे हक्क. मला ऐकून उगाच वाटलं, की माझाच विषय घेतला.

तिच्या मॅडमनी सांगितलं होतं, कायद्याचं तू लिहिशीलच, पण कामगारांचे स्वतःचे शब्द हवेत, त्याशिवाय हा प्रबंध पोकळ. तेव्हा बळीरामनं भट्टीवरच्या दोघांना रविवारी घरी आणलं. एक धोंडबा, कुहीकडचा. म्हातारा, घरी धानाचं थोडं वावर. दुसरा दुर्गेश, ठेकेदाराकडचा तरणा गडी, नाव कुठं येणार नाही ना, हे त्यानं उंबऱ्यावरच विचारून घेतलं. सिंधूताईनं दोघांना माझ्यापुढं बसवलं, ताक दिलं, मला पूर्ण वेगात सोडलं. सरितानं मोबाईल मधे ठेवला.

आणि काय झालं सांगू? गार हवा लागली तसे धोंडबाचे डोळे मिटायला लागले. सरिता विचारायची, तर म्हणायचा, "चाललं हाय बाई. सवय होऊन जाते." दुर्गेश ताकाचंच कौतुक करत राहिला. बळीराम तर भिंतीला टेकून घोरला. जाताना दोघं म्हणाले, फार बरं वाटलं.

काही दिवसांनी सरिता ते ऐकून लिहायला बसली. मोबाईल कानाला लावला, काढला, परत लावला. त्यात माणूस कुठंच नव्हता. पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच होतो. घर्रर्र.

सिंधूताई आधी हसली. "पाहुण्याले हवा देल्ली ना आपन? आता हवाच लिवून दे." मग लेकीचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं. प्रबंध द्यायची तारीख जवळ आली होती. ती चुकली की वर्ष गेलं. आणि इकडे बापानं सगळ्या कारखान्यात सांगून ठेवलेलं. सरिता म्हणाली, त्यांना परत बोलवायला लागेल. बळीराम संकोची माणूस. एकदा बोलावलं तर आले बिचारे, आता कोणत्या तोंडानं विचारू, म्हणाला. दुर्गेशच्या ठेकेदाराला कळलं तर त्याचं कामच जाईल, तेही खरं. तरी पोरीसाठी बळीरामनं विचारलं. 

दोघं परत आले. तेव्हा नवतपा लागला होता, मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. बाहेर डांबर पातळ होऊन चपलेला चिकटत होतं. दोघं डोक्याला दुपट्टे गुंडाळून आत आले, आणि सिंधूताईचा हात सवयीनं माझ्या बटनाकडे गेला. सरितानं तो धरला.

"नवतप्यात पाहुण्याले उकडून मारतं का वं?" सिंधूताई दबक्या आवाजात म्हणाली. "लोक काय म्हनतीन आपल्याले?"

सरितानं हात सोडला नाही. प्रबंध मोठा की घरी आलेला माणूस मोठा, हे काही तिच्या पुस्तकात नव्हतं. तेव्हा धोंडबाच बोलला.

"बंदच राहू दे सिंधूबाई. भट्टीपुढं कोनं आमाले कूलर लावून देल्ला?"

मी बंद राहिलो. खस वाळू लागली. खोली तापली, चौघांच्या अंगावरून पाणी निथळू लागलं. सरितानं तोच प्रश्न विचारला, आणि या खेपेला धोंडबा सवयीचं काही बोलला नाही. त्यानं दुपट्ट्यानं मान पुसली. मग म्हणाला, "आमी पानीच नाई पेत, बाई. पानी पेलं का लघवीले जा लागते. गेलं का मुकादम खेपा मोजते. म्हनून तोंड ओलं करतो अन् थुकून देतो." दुर्गेश म्हणाला, टाकी उन्हात आहे, पाणी चहासारखं येतं. मग त्याची गाडी सुरू झाली ती थांबेना.

आणि मग बळीराम बोलला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. 

"मागच्या नवतप्यात मी पडलो होतो. भट्टीपुढं."

सिंधूताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कवा?"

"पडलो. या दोघायनं उचलून सावलीत ठेवलं, पानी मारलं. मुकादमानं लिवलं, सुट्टीवर गेला."

"घरी काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी जाऊ देल्लं असतं का मले?"

सरिता रडली नाही. शिकलेली पोरगी. तिनं पुढचा प्रश्न विचारला, की मग दुसऱ्या दिवशी त्या जागी कोण होतं. बळीराम म्हणाला, मीच. आणि मोबाईलात ते सगळं स्वच्छ उतरलं, कारण मधे घरघर नव्हती.

मी किती उन्हाळे गारवा दिला, आजारी पोरांना, बाळंतिणींना, जावयांना. त्याचा मला आनंद आहे. पण अभिमान विचाराल तर या दुपारचा आहे, जेव्हा मी काहीच केलं नाही.

प्रबंध वेळेत गेला. तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून एक सर आले होते. घरी येऊन सरितानं सांगितलं ते मी ऐकलं. त्यांनी पाण्याचं ते वाक्य दोनदा वाचलं आणि विचारलं, हे लोक तुमच्याशी इतकं मोकळं कसे बोलले? सरिता म्हणाली, सर, कूलर बंद केला. सर आधी हसले, मग हसायचे थांबले आणि म्हणाले, हे प्रबंधात लिहायला हवं होतं. ती चांगल्या श्रेणीत पास झाली. बळीरामनं भट्टीवर पेढे वाटले. वकील आता राहिलं मागं. "माह्या पोरीनं आपल्यावर पुस्तक लिवलं," असं सांगत फिरला. या वेळी त्याला कोणी दुरुस्त केलं नाही. पाण्याची टाकी मात्र अजून उन्हातच आहे, त्यासाठी सरिताचे अर्ज चालू आहेत.

घरी आता प्लास्टिकचा नवा कूलर आला. मला भंगारात द्यायचं बोलणं निघालं होतं. सरिता नाही म्हणाली. ती कामगारांच्या एका संस्थेत लागली आहे, हिंगणा रोडवर एका खोलीत बसते, तिथं तिनं मला नेलं. माझा निळा रंग गेला, बुडाला गंज चढला, पाणी थोडं गळतं, खाली परात ठेवतात. 

तेव्हा कधी त्या खोलीत आलात आणि मी कोपऱ्यात गप्प दिसलो, तर बिघडला म्हणू नका. तुम्ही सांगायला आला आहात, म्हणून बंद आहे. घाम आला तर येऊ द्या, पुसत पुसत बोला, काही राखून ठेवू नका. सगळं सांगून झालं की पोरीला म्हणा, आता लाव वं बाई. मग बटन फिरवतील, खस भिजेल, आणि तुमच्या पाठीला मी आहेच.