उठण्याचं निमित्त

“काल घातलेली काकडी आज मुरली असेल. तेवढ्यासाठी उठले बघ!”

आजीचा आवाज. जपानमधल्या मात्सुएच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून बोललेला. हेच आपलं इकिगाई, सकाळी उठायचं निमित्त, असं आजी म्हणायची आणि काकडीचा काप नातीच्या तोंडात कोंबायची. पन्नासाहून जास्त वर्षं झाली, तरी चिझुरूच्या कानात तो आवाज ओला होता.

आजीचा तो हलकाफुलका शब्द जर्मनमध्ये आला, की दगडासारखा जड व्हायचा. माणसाला जगावंसं किती वाटतं, हे मोजणारी एक जपानी प्रश्नावली जर्मन बोलणाऱ्यांसाठी बेतायचं काम तिच्याकडे होतं. पहिल्या खेपेला तिने ‘जीवनाचं प्रयोजन’ असं भारदस्त लिहिलं, तर म्हातारी माणसं वाक्य ऐकून चर्चमध्ये बसल्यासारखी टोपी काढून बसायची. एकाने तर घाबरून विचारलं, “पाद्रीबाबांनी पाठवलंय का तुम्हाला? डॉक्टर काही बोलले का?” मग चिझुरूने सगळी वाक्यं उचलून खाली, चुलीपाशी आणून ठेवली. ती आता कळतात का, हे माणसांना वाचून दाखवून पाहायचं होतं.

ऐनवेळी मुलाखतीसाठी ठरलेले एक आजोबा आजारी पडले. कामाची प्रमुख डॉक्टर व्हेरोनिका म्हणाली, “तुझ्या सासूबाई चालतील की! उत्तरं मोजायची नाहीत, वाक्य कळतं का एवढंच बघायचंय. तू बाजूला बसून ऐक. मध्ये मात्र हूं की चूं करायचं नाहीस. एक शब्द बोललीस, की ती मुलाखत बाद.”

म्हणून नोव्हेंबरातल्या त्या धुकट सकाळी, डॅन्यूबकाठच्या त्या छोट्या घरात तिघी टेबलाशी बसल्या. सासू वाल्बुर्गा एस्टल, वय शहाऐंशी, जेवणातल्या उकडीच्या गोळ्यांसाठी बटाटे सोलत होती. पाहुणी आली म्हणून सुरी खाली ठेवणाऱ्यांतली ती नव्हे.

“मनात येईल ते सगळं मोठ्याने बोलायचं, एस्टलबाई,” व्हेरोनिकाने ध्वनिमुद्रणाचं यंत्र सुरू केलं.

“मोठ्याने? मग चुकीच्या घराण्याच्या दारी आलात, डॉक्टरीणबाई.”

पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. “लहानसहान गोष्टींतही मला आनंद वाटतो.”

“न वाटायला काय झालं? बटाटा कुजका निघाला नाही, की वाटतो. ही वाक्यं माझ्या सुनेने लिहिलीत ना? चाळीस वर्षांत माझ्याशी एवढं लांबलचक बोलली नाही ती.”

व्हेरोनिका हसली. चिझुरूने मान खाली घातली.

खरंच, या घरात बोलणं कमीच. दोघींमधला पूल होता क्सावर. एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा. फेब्रुवारीत पूल गेला आणि दोन काठ समोरासमोर राहिले. उन्हाळ्यात चिझुरूच्या भावाने मात्सुएला तिच्यासाठी खोली रंगवून घेतली. सासूबाईंसाठी वृद्धाश्रमात जागा बघून झाली. शेंगा सोलता सोलता चिझुरूने सांगितलं, “आई, जानेवारीत तीन राजांचा सण झाला की मी जाईन.” म्हातारी म्हणाली, “बरं.” बस्स. चिझुरू पुढच्या एका शब्दासाठी थांबून राहिली. शेंगा सरल्या, सफरचंदं उतरली, पानं गळली. शब्द काही गळला नाही. नको असलेल्या माणसाने कशाला राहायचं?

व्हेरोनिकाने पुढचं वाक्य वाचलं. “कुणीतरी आहे, ज्याच्यासाठी मी सकाळी उठते.”

सुरी थांबली.

नियम असा, की अशा वेळी मदत करायची नाही. समजावायचं नाही. वाट पाहायची. व्हेरोनिकाने वाट पाहिली. चिझुरूने मांडीवर हात घट्ट आवळून धरले.

“उठते ना,” म्हातारी अखेर म्हणाली. “ही उठायच्या आधी. न्हाणीघरातला बंब पेटवते. नवी आली होती तेव्हा थंडीने ओठ निळे पडायचे हिचे. पाण्यातल्या माशासारखी गप्प उभी राहायची. तक्रार नाही, काही नाही. तेव्हापासून पेटवते.”

चिझुरूने झटकन वर पाहिलं. चाळीस हिवाळे ते न्हाणीघर तिला ऊबदार मिळालं होतं. क्सावरचं काम, असं ती समजायची. तो गेल्यावर वाटलं, म्हाताऱ्या हाडांना ऊब हवी असेल.

“म्हणजे वाक्य कळायला अवघड नाही?” व्हेरोनिकाने हळूच विचारलं.

“कळायला कसलं अवघड.” वाल्बुर्गाने सोललेला बटाटा पाण्यात सोडला. “परवा सर्व संतांच्या दिवशी क्सावरच्या थडग्यावर गेलो होतो ना, तेव्हा ही पाणी आणायला नळावर गेली. मी पाथरवटाला म्हटलं, मी गेले की दगडावर माझं नाव वर घे, बारीक अक्षरात. खाली हिच्यासाठी जागा ठेव. तो म्हणाला, त्या तर परत जाणार म्हणे. मी म्हटलं, तू जागा ठेव.”

चिझुरूचे ओठ हलले. व्हेरोनिकाने यंत्राकडे हात नेला, पण बंद करायचं धैर्य तिला होईना.

“तिला बोलायची मनाई आहे ना, डॉक्टरीणबाई? बरं झालं. माझं मला एकदा पुरतं बोलू द्या.” म्हातारीने ओले हात एप्रनला पुसले आणि सुनेकडे वळली.

“तुला जायचं असेल तर मी कोण अडवणारी, म्हणून ‘बरं’ म्हटलं. बरं नव्हतं ते. जाऊ नकोस गं पोरी.”